छातीवरची नावं

परिषदेची बेळगाव शाखा म्हणजे
उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या वर
एक टेबल, एक प्रिंटर आणि मी.
वर्षातून दोनदा मी माणसांची नावं कापते,
प्लास्टिकच्या खिशात सरकवते, मागं पिन लावते.

यंदा चेक देशाचे पाहुणे.
ड्रायव्हर दस्तगीर फलक वाचून म्हणाला,
'भारत-चेक? बाई, चेक कुणी कुणाला द्यायचा?'
'तेच ठरवायला जमुलाल्यात,' मी म्हटलं.

त्या फलकाचीच आधी भानगड.
कन्नड वर, हे ठरलेलं. अक्षरं केवढी तेही ठरलेलं,
त्यासाठी पट्टी घेऊन माणूस येतो.
मराठी ठेवायची का, ठेवली तर किती बारीक,
यावर कमिटीच्या तीन बैठका आणि दोन किलो कुंदा.
चेक भाषेबद्दल कुणाचंच काही म्हणणं नव्हतं.
तिच्या अक्षरांवर बसणारे ते छोटे छोटे पक्षी
मी एकटीनंच मोजून बसवले.

टिळकवाडीतला हॉल. सहाला हुबळीचे बँकवाले आले.
निपाणीचे पद्मण्णा आले, तंबाखूवाले,
त्यांना पंप नको, भट्टी नको, नुसत्या ओळखी हव्यात.
खानापूरच्या वत्सलाबाई पर्समध्ये
कौलाचा तुकडा घेऊन.
सगळे आधी छातीवर बघायचे, नाव वाचायचे,
मग तोंडाकडं बघून हसायचे.
बायकांशी बोलताना जरा पंचाईत.

परशराम कंग्राळकर आणि गुरुसिद्ध हंचिनमनी
दोघं एकाच पाहुण्याच्या दोन बाजूंना.
त्यांच्या भट्ट्यांमध्ये एकच भिंत.
कुठल्याशा आंदोलनात तिच्यावर
रात्रीतून डांबर फासलं होतं कुणीतरी.
एकोणीस वर्षं झाली,
एकमेकांचा धूर ते नाकानं ओळखतात.

पावेलसाहेबांनी कागद उलगडला:
पंपाचं कवच, साडेचार टन,
एका दमात ओतायचं.
मी कंग्राळकरांना मराठीत सांगितलं,
हंचिनमनींना कन्नडात.
दोघंही मनातल्या मनात आपापली भट्टी मोजत राहिले.
एकाची अडीच.
दुसऱ्याची दोन.

'त्यांना विचार,' कंग्राळकर माझ्याकडं बघून म्हणाले,
'तापमान किती धरतात.'
'अवरिगे हेळु,' हंचिनमनीही माझ्याकडंच बघून, 'साविरद नानूर.'
मी तोंड उघडलं नाही.
कंग्राळकरांच्या भट्टीवर अर्ध्या शिव्या कन्नडात चालतात,
हंचिनमनींचं आजोळ चंदगडचं.
मी आपली मध्ये उभी राहिले खांबासारखी,
प्लेटमधली भजी गार होईपर्यंत.

पावेलसाहेब एकदा इकडं, एकदा तिकडं.
हळूच मला विचारलं, 'या दोन भाषा वेगळ्या आहेत?'
'तुमच्याकडं स्लोव्हाक आहे ना, मग?'
ते हसले.
मग हसायचे थांबले.

शेवटी कार्डं. परिषदेचा नियमच आहे,
नवी ओळख झाली की कार्ड द्यायचं.
कंग्राळकरांनी दोन्ही हातांनी दिलं,
मागच्या वर्षी जपान्यांकडून शिकल्यासारखं.
हंचिनमनींनी चष्मा कपाळावर चढवला,
कार्ड नाकाशी धरून पत्ता वाचला:
प्लॉट नंबर बेचाळीस.
'हो का,' म्हणाले, स्वच्छ मराठीत,
'हे आमच्या बाजूलाच की.'

भिंतीत दार पाडायचं का, काही ठरलं नाही.
नऊला हॉलवाल्यानं पंखे बंद केले.
न आलेल्यांची अकरा नावं मी पर्समध्ये टाकली,
त्यांच्या पिना गोगटे सर्कलपर्यंत टोचत होत्या.

'मग?' दस्तगीरनं आरशातून विचारलं, 'वटला काय चेक?'
'क्लिअरिंगला टाकलाय.'
'लागतील चार दिवस,' तो म्हणाला, गिअर बदलत,
'परवा एक नोव्हेंबर.
मध्ये सुट्टी येऊलालीय की.'